मामा, नंबर अर्धा का नाही झाला?

ऑफिसमध्ये कुणी "सर्व्हर स्लो झालाय" असं सांगत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल काय बदललं? दुसरा: लॉग काय म्हणतोय? गेली बरीच वर्षं या दोन प्रश्नांवर माझं पोट चाललंय. आणि तरीही नामपूरहून ताईचा फोन आला तेव्हा या दोनपैकी एकही प्रश्न मला सुचला नाही. त्याची किंमत तीन माशांनी मोजली.

तर झालं असं. ताईचं सासर नामपूरचं. बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी, कांद्याच्या बाजाराचं गाव. भाचा यंदा सातवीत. वाढदिवसाला हट्ट करून त्याने दोन फुटी काचेची टाकी मिळवली. साधारण ५० लिटर पाणी, खाली रंगीत खडी, एक स्पंज फिल्टर आणि सहा गोल्डफिश. पहिले दोन आठवडे रोज फोटो येत होते. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. "मामा, मासे सारखे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. एक तर खडीवर अंग घासतोय."

मी मीटिंगमध्ये जायच्या घाईत होतो. जिना उतरता उतरता सांगून मोकळा झालो, "पाणी खराब झालं असेल. सगळं पाणी काढ, टाकी नीट घासून घे, स्पंज नळाखाली स्वच्छ धू, आणि ताजं पाणी भर."

थोडक्यात, रीस्टार्ट मार. :)

भाचा आज्ञाधारक. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं. त्याने बोअरऐवजी नळाचं पाणी भरलं, स्पंजही त्याच नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. मग दुकानदाराला विचारून निळं औषध टाकलं. फोनवर मीही "टाक, बघू" म्हणालो. आणखी एक गेला.

संध्याकाळी ताईने फोन केला. "अरे, तो जेवला नाहीये. म्हणतो, मामाने सांगितलं तसंच केलं होतं."

हे वाक्य मला लागलं. प्रोडक्शनवर चुकीचा पॅच टाकल्यावर मॅनेजरचा जो मेल येतो, त्यापेक्षा जास्त लागलं.

आता चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो. माझ्यासारखं करणारे खूप जण आहेत, आणि शहरातल्या प्रत्येक तिसऱ्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये एखादी रिकामी टाकी पडलेली असते, ती बहुतेक याच मार्गाने रिकामी झालेली असते.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो, मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया माशांना विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर, काचेवर काही बॅक्टेरिया हळूहळू वस्ती करतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि ते आपण अधूनमधून थोडं पाणी बदलून काढून टाकायचं. या वस्तीला नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात माशांचं वागणं बिघडणं ही पाठ्यपुस्तकी गोष्ट. सिस्टीम अजून पूर्ण उभी राहिली नव्हती आणि लोड मात्र पहिल्या दिवसापासून फुल.

आणि मी काय सांगितलं? जी थोडीफार वस्ती झाली होती ती नळाखाली धुऊन टाक. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचं क्लोरीन होतं. ते असायलाच हवं, पिण्याच्या पाण्यात ते जंतू मारण्यासाठीच असतं. पण ते चांगले-वाईट जंतू असा भेद करत नाही, आणि माशांच्या कल्ल्यांना थेट भाजतं. दोन मासे बहुधा यानेच गेले. वरून निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू. ते बुरशीवर चालतं, पण फिल्टरमधल्या उपयोगी बॅक्टेरियांनाही मारक ठरतं. तीन दिवसांत तीन बदल, एकही मोजमाप नाही. माझ्या टीममधल्या फ्रेशरने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं असतं.

गंमत अशी की माशांचं वागणं हा एरर मेसेज आहे, पण फार मोघम एरर मेसेज आहे. वर येऊन तोंड उघडझाप करण्याची किमान पाच कारणं असू शकतात. पाण्यात ऑक्सिजन कमी, अमोनियाने कल्ले भाजलेले, नायट्राइटने रक्त बिघडलेलं, क्लोरीन, किंवा कल्ल्यांना लागलेले परजीवी. अंग घासणं हे परजीवींमुळे असतं तसंच अमोनियाच्या जळजळीनेही असतं. पंख मिटून कोपऱ्यात बसणं तर जवळपास सगळ्यातच. "अ‍ॅप उघडत नाहीये" एवढ्यावरून बग सापडतो का? नाही ना? मग "मासा सुस्त आहे" एवढ्यावरून औषध कसं ठरवणार?

त्या शनिवारी मी पुण्याहून नाशिक, सटाणा करत नामपूरला गेलो. बॅगेत दोन गोष्टी होत्या. एक, पाणी तपासायचं थेंबांचं किट. दुसरी, मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळकट स्पंजचा तुकडा, ओल्या पिशवीत बांधलेला. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी दोनदा नाक मुरडलं. पण ते आमचं बॅकअप होतं.

पोचल्यावर आधी मोजलं. अमोनिया २ पीपीएमच्या आसपास. पीएच ८.२. पाण्याचं तापमान २९ अंश. हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात, ही मी स्वतः त्या आठवड्यात शिकलेली गोष्ट. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक माशांना फारच घातक. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का या घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे जवळपास दहापट. पाणी गरम असेल तर अजून जास्त. आमच्या टाकीत तो दहा टक्क्यांच्या पुढे असणार. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी असंच, क्षार जास्त आणि पीएच चढा. त्यामुळे "माझ्या मित्राच्या टाकीत एवढा अमोनिया असूनही काही झालं नाही" या वाक्याला काही अर्थ नाही. मित्राचं पाणी वेगळं.

ओसरीवर बसून आप्पा, म्हणजे ताईचे सासरे, हे सगळं बघत होते. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी नायट्रोजन सायकल समजावायला लागलो. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या हौदात आरोग्यवाल्यांनी गप्पी मासे सोडले, त्याला किती वर्षं झाली. ना फिल्टर, ना पंप. ते कसे मरत नाहीत?"

प्रश्न एकदम बरोबर होता. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी हौदात, विहिरीत मजेत राहतात, कारण हजारो लिटर पाण्यात बोटभर मासे, कुणी त्यांना खाद्य घालत नाही, भिंतीवर शेवाळ आहे, आणि बॅक्टेरियांची वस्ती कधीच जमलेली आहे. शिवाय गप्पीला क्षारांचं जड पाणी मानवतं. आमच्याकडे ५० लिटरमध्ये सहा गोल्डफिश, गोल्डफिश म्हणजे खादाड आणि घाण करणारा मासा, आणि घरातला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस चिमूटभर खाद्य टाकतोय. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपंधरवड्यानंतर मासे मरून तरंगल्याच्या बातम्या किती वेळा येऊन गेल्या आहेत. पाण्यात पडलेलं अन्न कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं, मासे गुदमरतात. आपली टाकी ही छोटी बाणगंगाच. प्रेमाने टाकलेलं खाद्य पाण्याच्या हिशोबात कचराच असतो.

मग आम्ही एक-एक करत गेलो. आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं, हवेचा पंप लावलेलं बोअरचं पाणी घेऊन निम्मं पाणी बदललं. रात्रभर ठेवायचं कारण असं की जमिनीतून ताज्या उपसलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, हवा लागली की ते स्थिरावतं. मित्राचा मळका स्पंज फिल्टरशेजारी ठेवला. दोन दिवस खाद्य बंद. गोल्डफिश दोन दिवस उपाशी राहून काही मरत नाही. औषध बंद. मीठ थोडं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतं. आणि भाच्याला एक दोनशे पानी वही दिली: तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान, "आज काय बदललं". शेवटच्या रकान्यात एका दिवशी एकापेक्षा जास्त गोष्ट लिहायची नाही. अमोनिया वाढलेला दिसला तर थोडं पाणी बदलायचं, बस.

उरलेले तीन मासे वाचले. अमोनिया दोन आठवड्यांत शून्यावर आला, नायट्राइट त्यानंतर आठवड्याभराने. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो येत होता. मी खूश. इथेच हा लेख संपला असता, आणि "डिबगिंग आणि मत्स्यपालन" असं काहीतरी शीर्षक देऊन मी झोपी गेलो असतो.

पण पाचव्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तू सांगितलंस म्हणून आता नायट्रेट पण मोजलं. ८० आलं. अर्धं पाणी बदललं, तर ४० यायला पाहिजे होतं ना? रंग ४० आणि ८० च्या मधे आला. आज परत अर्धं बदललं. आता तर २० पाहिजे. अजून तिथेच आहे. नंबर अर्धा का नाही झाला?"

मी नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला तोंड उघडलं. किट जुनं असेल, बाटली नीट हलवली नसशील, वगैरे. आणि मग गप्प बसलो. कारण तो बरोबर होता. अर्धं पाणी काढून नायट्रेट नसलेलं पाणी घातलं तर आकडा अर्धा व्हायलाच हवा. तो होत नसेल तर घातलेल्या पाण्यातच नायट्रेट आहे. "बादलीतलं पाणी तपास," मी म्हणालो. पाच-सात मिनिटांनी फोटो आला. नळीचा रंग लाल. ४० च्या पुढचा. टाकीत नाही, बोअरमध्ये.

मासे त्या आकड्याला तसे घाबरत नाहीत. पण घरात पिण्याचं पाणीही त्याच बोअरचं होतं. आणि घरात ताईच्या जावेचं चार महिन्यांचं बाळ होतं, ज्याला वरचं दूध सुरू झालं होतं. पावडरचं. बोअरच्या पाण्यात कालवलेलं.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती. त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सूट नाही. मोठ्या माणसांना थोडंफार जास्त असलेलं सहसा जाणवतही नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होऊन ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करू शकतं. रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही, बाळ निळसर पडतं. तिकडे टाकीत नायट्राइटने माशांचं रक्त बिघडतं तेही हेच. यंत्रणा तीच, फक्त जीव वेगळा.

"पण आम्ही पाणी चांगलं दहा मिनिटं उकळतो," ताई म्हणाली. तिचा आवाज मला आजही आठवतो. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. साध्या कॅन्डलच्या फिल्टरने जात नाही, तुरटीने नाही, क्लोरीननेही नाही. आरओने बरंचसं जातं. म्हणजे घरातली सगळ्यात काळजी घेणारी बाई सगळ्यात काळजीपूर्वक नेमकी चुकीची गोष्ट करत होती. मी फोनवर केलं होतं तसंच. फक्त मी घाईत होतो, ती नव्हती.

बाळाला काही झालं नव्हतं, आधी हे सांगतो. त्याच दिवशी बोअरचं पाणी बाळाच्या दुधासाठी बंद केलं, डॉक्टरांना दाखवलं. मत्स्यालयाच्या किटवर घराचा निर्णय कायमचा सोडायचा नसतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत दिला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याला आणि उपविभागाला असतात. शिवाय २०१९ ला सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण दिलेलं आहे, त्यामुळे गावातही विचारता येतं. रिपोर्ट आला. ४५ ची मर्यादा ओलांडलेली होती. (रिपोर्ट वाचताना एक युनिटचा घोळ सांभाळा. काही ठिकाणी "नायट्रेट" लिहितात, काही ठिकाणी "नायट्रेट-नायट्रोजन". पहिल्यातले ४५ म्हणजे दुसऱ्यातले साधारण १०. हा बग मी स्वतः पाच मिनिटं केला.)

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बोअरच्या एका बाजूला घरचंच शेत, वर्षानुवर्षं युरिया. दुसऱ्या बाजूला गोठा आणि शोषखड्डा. दोष द्यायला बाहेरचं कुणी नव्हतं. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाणी गोड लागतं म्हणून सगळ्या गल्लीने इथूनच नेलं इतकी वर्षं."

आणि नळाचं पाणी? तेही तपासलं. नायट्रेट अगदी कमी. म्हणजे ज्या पाण्याने दोन मासे मारले ते बाळासाठी ठीक, आणि ज्या पाण्यात मासे तगले ते बाळाला चालणारं नाही. "चांगलं पाणी" असं एक काही नसतंच. कुणासाठी चांगलं, आणि कशाच्या हिशोबात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. चवीवरून नाही, पारदर्शकपणावरून नाही, आणि मासे जिवंत आहेत यावरूनही नाही.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं पुराण लावलं. टाकी घेणार असाल तर मासे घेण्याआधी तपासणीचं किट घ्या. "पन्नास रुपयांच्या माशासाठी हजाराचं किट कोण घेतं?" हे मी खूप ऐकलंय, त्याच तोंडाने मीही बोललोय. पण त्यातून दोन वाईट सवयी लागतात. एक, मेला तर नवीन आणू. दुसरी, काहीतरी केलं म्हणजे उपाय केला. दुसरी सवय टाकीपुरती राहत नाही. तीच आपण ताप आला की आदल्या वेळची उरलेली गोळी घेताना वापरतो, तीच रात्री दोन वाजता सर्व्हर रीस्टार्ट करताना. बरं वाटतं, कारण हात रिकामे नसतात.

मासे विचित्र वागले तर पहिला तास काही करू नका, एवढंच. हवेचा पंप जोरात करा आणि खाद्य थांबवा, या दोन गोष्टींनी सहसा नुकसान होत नाही. मग मोजा: अमोनिया, नायट्राइट, पीएच, तापमान. टाकीतलं आणि बादलीतलं, दोन्ही. काल काय बदललं ते लिहा. मग एकच गोष्ट बदला. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. नळाचं पाणी वापरायचं तर अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. औषध सगळ्यात शेवटी, आणि नेमकं कशावर आहे हे माहीत असेल तरच.

नामपूरला आता स्वयंपाकघरात दोन पिंप आहेत. नळाच्या पाण्याच्या पिंपावर भाच्याने खडूने "बाळ" लिहिलंय, बोअरच्या पिंपावर "मासे". गल्लीतल्या दोन-तीन घरांनीही आपापल्या पाण्याचे नमुने दिले आहेत. वही चालू आहे, आणि तिच्यात आता बोअरसाठी वेगळं पान आहे, महिन्यातून एकदा भरायचं.

परवा भाच्याने विचारलं, "मामा, ते आधीचे तीन मासे मी मारले का?" मी म्हणालो, नाही, मी मारले, न बघता बोलून. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी आधी वही मागत जा."

मागत जाईन.